आईच्या मॉनिटरचा आवाज बंद होता

मंडळी, सायबर कॅफेत बसून आपल्या ई-मेल ग्रुपवर लिहितेय.

आईला न्यूमोनिया झालाय, म्हणून डोंबिवलीतल्या एका हॉस्पिटलात ठेवलंय. तिथे नवा मॉनिटर आलाय. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की तो वाजतो, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

आज दुपारी डबा घेऊन गेले, तर आईचे ओठ निळे! पडद्यावर आकडा लुकलुकत होता, पण मशीन गप्प. मी किंचाळलेच. सिस्टर धावत आल्या, ऑक्सिजनची निसटलेली नळी त्यांनी नीट बसवली. हळूहळू आईने डोळे उघडले.

"सिस्टर, हे वाजलं कसं नाही?"

त्या रडवेल्या झाल्या. "अहो ताई, पेशंटने नुसता हात हलवला तरी बोंबलायचं. सगळे घाबरायचे, म्हणून आवाज बंद केला. कंपनीचा माणूस डॉक्टरांना शिकवून गेला. आम्हाला कोणी बोलावलंच नाही."

मशीन आलं तेव्हा हार घालून नारळ फोडला होता म्हणे. आणि दिवसरात्र त्याच्यासमोर वावरणाऱ्या बायकांना कोणी काहीच दाखवलं नाही?

तुमच्याकडच्या हॉस्पिटलांतही असंच चालतं का? खरं सांगा.

मी परत आईकडे निघालेय. आज तो आकडा मीच बघत बसणार.