नाकाडावरचा उंचवटा

काकांची एकतीस वर्षं संग्रहालयाच्या तळघरात गेली. काम एकच, दगडात अडकलेली हाडं सोडवायची. सुईनं दगड खरवडायचा, ब्रशनं धूळ झटकायची, हाडाला ओरखडा उठू द्यायचा नाही. त्यातल्या एका देवमाशाच्या कवटीवर त्यांचा भारी जीव. कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला प्राणी, जबड्यात बोटाएवढे दात. "तोंड मिट की जरा," असं ते त्याला रोज म्हणत. दुसरं होतं कोण बोलायला?

एके दिवशी शेजारच्या खोलीतल्या संशोधक मॅडम धावतच आल्या.

"काका, तुमचा देवमासा अख्खी नवी प्रजाती निघाला! नाकाडावर असा उंचवटा दुसऱ्या कुणालाच नाही. आणि तिला तुमचं नाव द्यायचं ठरवलंय मी."

काकांना मूलबाळ नव्हतं. आपल्यामागे आपलं नाव घेणारं कुणी असेल, ही आशा त्यांनी केव्हाच सोडली होती. आता ते पुस्तकांत छापून येणार होतं! हरखून त्यांनी उंचवट्याकडे पाहिलं आणि मग त्यांना आठवलं. तो त्यांनीच केला होता.

या कामात मोडक्या जागी प्लास्टर भरतात, पण ते हाडापेक्षा फिकं ठेवतात. खरं कुठलं नि भरलेलं कुठलं, ते दिसायला हवं. काकांनी एकदाच, एकोणीस वर्षांपूर्वी, प्लास्टर नुसतं थापलं होतं आणि वर हाडाचाच रंग चढवला होता. तोही अगदी बेमालूम.

गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. दोन दिवस बसलेही. पण कवटीला रोजचं 'तोंड मिट की जरा' म्हणवेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना बोलावलं आणि त्यांच्यादेखत उंचवट्यावर सुई ओढली. पांढरी भुकटी पडली.

मॅडमनी ती बोटावर घेऊन पाहिली. "काका, तुमच्या हातून? अहो, रंगावरून तुम्हीच तर सगळ्यांना झापता!"

"ही गेली ना, त्या आठवड्यातलं काम ते," काका म्हणाले. "घरी बसवेना, म्हणून इथे येऊन बसायचो. हात काय करतायत, भान नव्हतं."

"ही म्हणजे कोण?"

काकांनी सुई खाली ठेवली. मॅडम इथे आल्यापासून सहा वर्षं दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. रोज "काय काका, बरंय ना?" आणि "हो, बरंय" व्हायचं.

"तुमचं लग्न झालं होतं?" मॅडमनी हळूच विचारलं.

प्रजातीचं नाव गेलं, ते काकांनी निमूट सोसलं होतं. या प्रश्नावर मात्र त्यांना रडू आवरेना.