फळ्यावरची बेरीज

आणीबाणीनंतरच्या निवडणुकीची मतमोजणी होती आणि अख्खं पुणं रस्त्यावर होतं. खडकवासल्याचं पाणीसुद्धा बघायला खाली आलं असतं, पण धरणाचे दरवाजे बंद होते. वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर फळा टांगला होता आणि एक गृहस्थ शिडीवर चढून खडूने मतांचे आकडे लिहीत होते.

माझे वडील, अण्णा, शाळेत इतिहास शिकवायचे. येरवड्याच्या तुरुंगातून नुकतेच सुटले होते. इतके वाळलेले, की सदराच चालत आल्यासारखा वाटायचा. ज्या बाजूपायी ते आत गेले, तीच आता पुढे होती. माझ्यासकट सगळी कॉलेजची पोरं नाचत होती. तेवढ्यात अण्णांनी उन्हासाठी आणलेली छत्री उंचावली.

"अहो, बेरीज चुकलीय तुमची!"

"मास्तर, तुमचाच माणूस पुढे आहे की!" शिडीवरून उत्तर आलं.

"म्हणून चुकीची चालेल? हजाराने कमी करा."

गृहस्थांनी मुकाट्याने पुन्हा बेरीज केली, आकडा पुसला आणि आमची आघाडी हजाराने घटली. जिंकूनही आपल्याच लोकांच्या शिव्या खाणारा माणूस त्या दिवशी देशात एकच होता.

ही गोष्ट मी आयुष्यभर लग्नामुंजींत सांगितली. हजाराचे दहा हजार झाले, छत्रीची तलवार तेवढी व्हायची राहिली. अण्णा कधीतरी सुरुवात करायचे, "आत आम्ही सकाळी..." की कुणीतरी म्हणायचं, "ते राहू द्या मास्तर, बेरजेचं होऊन जाऊ दे!" की मी उभा! अण्णा हसायचे, गार झालेला चहा संपवायचे. पुढेपुढे त्यांनी सुरुवात करणंही सोडलं. मग तेही गेले.

परवा कोथरूडला नातीच्या धड्यात आणीबाणी आली. मी बाह्या सरसावून फळा उभा केला, लाखभर माणसं जमवली. ती म्हणाली, "आजोबा, हे पाठ आहे मला. पणजोबा तुरुंगात दिवसभर काय करायचे? घाबरले होते का?"

मी तोंड उघडलं. थाप तयार होती, चांगली दणदणीत. पकडणारंही कुणी उरलेलं नव्हतं. पण फळ्याखाली छत्री घेऊन उभे असलेले अण्णा दिसले.

"माहीत नाही गं," मी म्हणालो. "विचारायचं राहून गेलं."

तिच्या पुस्तकात त्या दिवसांना दीड पान दिलंय. आमच्या घरात तेवढंही नाही.