बूथवालीचा कान

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बापाला एका पोरीनं टेलिफोन बूथवरून फोन केला. त्यावरून जे भांडण झालं, ते बूथवालीच्या डोक्यातून पुढे कधी गेलंच नाही.

त्या काळी बाजाराच्या कोपऱ्यावर तिची काचेची खोली होती. आत फोन, बाहेर तिचं स्टूल. गिऱ्हाईक आत गेलं की ती भिंतीकडे तोंड करून बसायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. काचेचं दार धड लागत नसे, त्यामुळे बोलणं सगळं ऐकू यायचं. कानांना काही झाकण नाही, निदान डोळे तरी दुसऱ्याच्या तोंडावर नकोत, असा तिचा हिशेब. त्या पोरीनं हळू आवाजात बापाला सांगितलं की ठरलेलं लग्न मला करायचं नाही. ती फोन ठेवते न ठेवते तोच बाप धापा टाकत हजर. घाईत पायांत एक चप्पल स्वतःची, दुसरी भलत्याचीच. मान वळवायची नाही म्हटलं तरी खाली बघितलं की पाय दिसतातच, त्याला बूथवाली तरी काय करणार.

"सकाळी माझ्यासमोर बसून जेवलीस. तेव्हा तोंड शिवलं होतं का? परक्याला करावा तसा फोन करतेस बापाला?"

"तोंडावर सांगता आलं असतं तर इथं कशाला आले असते?" पोरगी म्हणाली. "तुम्ही नुसतं बघता, आणि माझे शब्दच जातात."

बाप त्यानंतरही बरंच बोलला. लोकांत नाक कापलंस वगैरे जे बोलायचं असतं ते सगळं बोलला. पण आवाज हळूहळू खाली आला आणि शेवटी दोघं एकत्रच घरी गेली. लग्न मोडलं की झालं, ते बूथवालीला कधीच कळलं नाही. तोंडंच बघितली नव्हती, तर पुढे बाजारात भेटली तरी ओळखणार कशी?

मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला. काचेची खोली निघाली, तिथं फळ्या लागल्या. बूथवाली चार्जर, कव्हरं, रिचार्ज असलं विकायला लागली. बूथ गेला तरी नाव काही गेलं नाही. लोक तिला बूथवालीच म्हणत राहिले, आणि तीही ओ देत राहिली.

फोनमध्ये तोंडं दिसायला लागायच्या थोडं आधी एका कंपनीचा टाय लावलेला माणूस तिच्या दुकानात आला होता. बोलताना समोरचा दिसला तर लोकांना आवडेल का, असं तो दुकानादुकानांत विचारत फिरत होता. बूथवाली म्हणाली, "आवडेल की. पण केव्हा दिसायचं आणि केव्हा नाही, हे ज्याचं त्याला ठरवू द्या." त्याला वाटलं, म्हातारी बटणाबद्दल बोलतेय. बटण असेल म्हणाला, आणि गेला.

आणि लोकांना आवडलंच. रस्त्यानं जाणारी माणसं आपलंच तोंड हातात धरून चालायला लागली. पण बूथवाली दुकानात बसून दुसरंही काही बघायची. फोन वाजला की बाया आधी केस सारखे करायच्या, मग उचलायच्या. समोरचा शिंपी वरून इस्त्रीचा शर्ट चढवून साडूशी बोलायचा आणि खाली टॉवेल. एक जण दुकानाच्या मागच्या पांढऱ्या भिंतीला टेकून बायकोला सांगायचा, ऑफिसात आहे गं. बघणारा खूश, दाखवणारा खूश. तिनं कुणाला काही म्हटलं नाही.

तिचा एकुलता एक मुलगा लांबच्या गावी प्लायवूडच्या कारखान्यात दाबयंत्रावर होता. घरी ती, सून आणि नात. नातीचं नाक बसकं म्हणून लाडानं तिला नकटी म्हणत. दर रविवारी संध्याकाळी मुलाचा फोन यायचा, तोंड दिसणारा. सून आदल्या दिवशी केस धुऊन ठेवायची. फोन स्वयंपाकघराबाहेरच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवायचा आणि तिघींनी त्यापुढे दाटीवाटीनं बसायचं, असा शिरस्ता होता. मुलगाही हौशी. फोन गरागरा फिरवून खोली दाखवायचा, वाळत घातलेले कपडे दाखवायचा, शेजारच्या खाटेवर घोरणारा सोबती दाखवायचा.

गेले काही रविवार मात्र त्याचं फिरवणं बंद झालं होतं. नुसता चेहरा, आणि मागे पांढरी भिंत. हसायचा, नकटीला चिडवायचा, सगळं नेहमीसारखं. सून म्हणायची, "बघा आई, रंग कसा उजळलाय. बरं मानवलंय त्यांना तिथलं." बूथवाली मान डोलवायची, पण मनात म्हणायची, दाबयंत्रापुढे उभा राहणारा माणूस उजळतो कसा? शिवाय फोन धरलेला हात कधी बदलायचा नाही. आधी या हातातून त्या हातात फोन उडवायचा, पाणी प्यायचा, डोकं खाजवायचा. आता बोलणं संपेपर्यंत चेहरा खिळा मारल्यासारखा जागच्या जागी.

एकदा तिनं विचारून पाहिलं, बरा आहेस ना रे. त्यानं फोन आणखी जवळ आणला, तोंडभर हसला आणि म्हणाला, "दिसत नाही का तुला?" सून म्हणाली, तुम्ही उगाच काहीतरी मनात आणता. डोळ्यांना दिसतंय तरी विश्वास नाही. चेहरा समोर होता, हसत होता, आता आणखी काय मागणार? पण त्या आठवड्यात दुकानात एकानं कव्हर मागितलं तर तिनं चार्जर काढून दिला.

बूथवालीची एक खोड होती. घरातल्यांचं बोलून झालं आणि फोन तिच्या हातात आला की तो आपोआप कानाला जायचा. इतक्या वर्षांची सवय. मग नकटी ओरडायची, "आजी, बाबांना तुझा कान दिसतोय." सगळे हसायचे, मुलगा म्हणायचा, कान छान आहे हो तुझा, आणि ती ओशाळून फोन खाली घ्यायची. दर रविवारचा हा विनोद ठरलेला होता. तो झाला नाही तर फोन झाल्यासारखा वाटायचाच नाही.

या रविवारीही फोन कानाला गेला. नकटी ओरडली. सून हसली. बूथवालीनं मात्र फोन खाली घेतला नाही.

टेबलावर असताना सगळ्यांच्या गलक्यात जे कधी ऐकू आलं नव्हतं, ते कानाशी आलं. चाकं. कुरकुरत जाणारी, मध्येच थांबणारी चाकं आणि पत्र्याच्या थाळीत काहीतरी ठेवल्याचा आवाज. आणि मुलाचा आवाज, तो नीट बसलेल्या माणसाचा नव्हता. तिचा नवरा शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळला होता. ती बूथवर असली की घरून तसाच फोन करायचा. अंथरुणात उशीला टेकून पडलेल्या माणसाचा आवाज छातीवर ओझं ठेवल्यासारखा येतो, शब्दांच्या मध्ये एक आवंढा असतो. तो आवाज तिनं झोपेतही ओळखला असता.

"इथं आवाज तुटतोय," ती म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. आवाज मुळीच तुटत नव्हता. घरात कुणाशी असं खोटं बोलायची तिची पद्धत नव्हती, त्यामुळे ते तिच्याच कानाला विचित्र वाटलं. तिनं दार लावून घेतलं. बाहेर सुनेचं हसणं थांबलं.

"आई, तोंडासमोर धर की," मुलगा म्हणाला. "कानच दिसतोय."

तिनं फोन पिठाच्या डब्याच्या झाकणावर पालथा ठेवला. स्टूल ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"आता काहीच दिसणार नाही," ती म्हणाली. "मीही भिंतीकडे बघतेय. बूथवर बसायची ना, तशी. तू मला दिसत नाहीस आणि मी तुला दिसत नाही. बोल."

"काय बोलू? झालं ना बोलून."

"कुठं आहेस?"

"खोलीवर."

तिनं पुन्हा विचारलं नाही. बूथवर माणसं अशीच थांबायची. रिसीव्हर हातात, नंबर लागलेला, पलीकडचा हॅलो हॅलो करतोय आणि यांच्या तोंडाला कुलूप. अशा वेळी बाहेरच्यानं साधं खाकरलं तरी माणूस फोन ठेवून निघून जातो, हे तिला ठाऊक होतं. ती भिंतीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत राहिली. मांडीवरचे हात गार पडले होते. चाकं पुन्हा कुरकुरत गेली. दाराबाहेर सुनेची पावलं आली आणि थबकली.

"आई," मुलगा म्हणाला. आवाज बदलला होता. "डाव्या हाताची बोटं गेली. यंत्रात. अंगठा राहिलाय."

बूथवालीनं ओट्याची कड धरली. 

"दुखतंय?"

"आधी दुखत होतं. आता जखम चिघळलीय म्हणून अजून दवाखान्यात ठेवलंय. बरं होईल म्हणतात."

मग तो बोलतच सुटला, बांध फुटावा तसा. दर रविवारी फोन लावताना ठरवायचो, आज सांगायचंच. नर्सकडून उशी भिंतीला लावून घ्यायचो, दाढी करून घ्यायचो. मग ती समोर यायची, नुकते केस धुतलेली, इतकी खूश. तिचं तोंड बघितलं की मी हसायचो. एकदा हसलो की मग सांगायचं कसं? पुढच्या रविवारी आणखी हसावं लागायचं. हात दिसू नये म्हणून चादरीत घालून ठेवतो, असंही तो म्हणाला.

"तू सांग तिला," तो म्हणाला. "हळूहळू. तुला जमेल."

"मी नाही सांगणार."

"आई."

"माझ्याकडून कळलं तर तिला वाटेल, नवऱ्यानं मला सोडून आईला सांगितलं. हाताचं दुःख ती सोसेल, हे नाही सोसणार. तूच सांगायचंस. आत्ता."

"तिच्याकडे बघून नाही गं जमणार."

"बघायला कोण सांगतंय?"

दारावर थाप पडली. सून म्हणाली, "आई, दार का लावलंत?" आवाजात राग होता आणि रागाखाली भीती. तिनंही आतलं काही ऐकलं असावं, पुरतं नाही. बूथवालीनं फोन उचलला. दुकानात दिवसभर दुसऱ्यांचे फोन हाताळणारी ती, दिसायचं बटण कुठलं ते तिला न बघता सापडायचं. ते तिनं बंद केलं आणि दार उघडलं.

सुनेनं सासूच्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. नकटी मागून डोकावत होती.

"काय झालंय?"

"तो सांगेल. घे. कानाला लाव."

"अहो, पण मग दिसणार नाही."

"कानाला लाव म्हणते ना. आणि या स्टुलावर बस, भिंतीकडे तोंड करून. ऐक माझं. तुझ्या तोंडाकडे कुणी बघणार नाही, मीसुद्धा नाही."

सुनेनं फोन घेतला. ती बसली. बूथवालीनं नकटीचा हात धरला, दार बाहेरून ओढून घेतलं आणि वरच्या मजल्याचा जिना चढायला लागली.

वर एक म्हाताऱ्या टायपिस्टबाई एकट्या राहायच्या. जन्मभर बोटांवर पोट भरलं आणि आता तीच बोटं इतकी कापायची की फोनच्या काचेवर एक नंबर धड लागत नसे. म्हणून रोज संध्याकाळी बूथवाली वर जायची, बाईंच्या बहिणीचा नंबर लावून द्यायची आणि बोलणं होईपर्यंत पाठ करून बसायची. दिवसाचं तिचं हे शेवटचं काम. आजही बाई खुर्चीत वाट बघत होत्या. उशीर झाला म्हणाल्या. बूथवाली म्हणाली, हो, झाला थोडा. बाईंनी तिच्याकडे जरा रोखून बघितलं, पण विचारलं काही नाही. तिनं नंबर लावला, फोन बाईंच्या कानाशी दिला आणि खिडकीजवळच्या वेताच्या मोड्यावर भिंतीकडे तोंड करून बसली. नकटीही तिच्या मांडीला टेकून भिंतीकडे बघायला लागली.

खालच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर या खिडकीखाली होती. बाईंची बहीण गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगत असावी, बाई हं हं म्हणत होत्या. खालून काहीच येत नव्हतं. बूथवालीचा जीव नुसता त्या खिडकीत लोंबकळत होता. मग सुनेचा एक शब्द आला, "कधी?" पुन्हा काही नाही. इतका वेळ काही नाही, की बूथवाली उठायलाच निघाली. नकटीनं तिचा पदर धरून ठेवला होता, म्हणून ती बसली.

आणि मग खालून सून बोलायला लागली. शब्द नीट कळत नव्हते, पण चाल कळत होती. ती रागावत होती. मध्येच रडायची, नाक ओढायची आणि पुन्हा तिथूनच पुढे रागवायची. न थांबता, पुऱ्या श्वासानं, घरातल्या माणसाला रागवावं तशी. पोरगा गपगुमान ऐकून घेत असणार. एकदा फक्त, "कुठल्या गाडीनं येऊ ते सांगा आधी," एवढं स्वच्छ ऐकू आलं.

बूथवालीनं मांडीवरचे हात सोडवले. ते अजून गारच होते.

"झालं हो माझं," मागून बाई म्हणाल्या.

ती वळली. फोन घेतला, बंद केला, पदरानं काच पुसली आणि लोकरीच्या पिशवीत घालून बाईंच्या उशाशी ठेवला, रोजच्या जागी. पाण्याचा तांब्या भरला आहे ना ते बघितलं. खिडकी लावू का, म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, राहू दे, वारा येतो.

"उद्या येते," बूथवाली म्हणाली आणि नातीला घेऊन सावकाश जिना उतरायला लागली, खालचं बोलणं संपायच्या आत घरात पाऊल पडणार नाही अशा बेतानं.