आईच्या दिवसकार्याची एफडी

बँकेला मी एकदा घासाघीस करून हरवलं होतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मरोळच्या ज्या कारखान्यात मी कामाला होतो, तो ऐन दिवाळीच्या तोंडावर बंद पडला. तेव्हा माझ्याकडे क्रेडिट कार्ड होतं आणि त्या कार्डावर आम्ही सात-आठ महिने घर चालवलं. वाणसामान, मुलीच्या शाळेची फी, आईच्या गुडघ्याची इंजेक्शनं, सगळं त्यावरच. मग पैसे थकले. वसुलीवाले दहिसरला घरी यायला लागले. दारात उभं राहून मोठ्याने बोलायचे, शेजारच्यांना नीट ऐकू जावं म्हणून. शेवटी त्यांच्यातलाच एकजण म्हणाला, "निम्मे भरा, बाकीचे सोडून देतो." मी म्हटलं, तिसरा हिस्सा देतो. तीन दिवस ताणून धरलं आणि तिसऱ्या हिश्शाच्या जरा वर सौदा ठरला. बायकोच्या बांगड्या विकून ते भरले.

त्या संध्याकाळी मी पेढे आणले. खोटं कशाला सांगू, पाव किलो आणले. हिशेब मिटल्याचं बँकेचं पत्र लॅमिनेट करून घेतलं आणि कपाटात मुलीच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवलं. पुढे नात्यात कुणाचं कार्ड थकलं की मी सल्ला द्यायचो, "पूर्ण भरू नको रे, थांब जरा. येतात झक मारत खाली." कोथिंबिरीची जुडी सांगितल्या भावाने घेतली तर घरी बोलणी खाणारी आम्ही माणसं. पूर्ण किंमत देणारा तो येडा, हे आम्हाला बाळकडूतूनच मिळालेलं.

मुलगी अकरावीत गेली तेव्हा माझे डोळे उघडले. तिला फार्मसी करायचं होतं. शैक्षणिक कर्जाची आधीच चौकशी करून ठेवावी म्हणून मी बोरिवलीच्या एका बँकेत गेलो. तिथल्या मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या असतील. त्यांनी माझा पॅन नंबर घातला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"सर, कर्ज मुलीच्या नावावर होईल, पण पालकाची सही लागते ना. आणि तुमचं रेकॉर्ड बघा तुम्ही."

मी म्हटलं, ते प्रकरण केव्हाच मिटलंय, पत्र आहे माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत ते लॅमिनेट केलेलं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"हेच तर झालंय, सर. तुम्ही कमी पैसे भरून सुटलात, असं यात लिहिलंय. तेच रेकॉर्डला लागलंय. पुढची कुठलीही बँक आधी हेच बघणार."

ज्याचे पेढे वाटले, तोच माझा गुन्हा होता आणि मी तो प्लास्टिकमध्ये घालून जपला होता. बायकोची सही चालेना, कारण ती घरोघरी पोळ्या करते आणि ती कमाई कुठल्याच कागदावर नाही. मॅडमनी उपाय सांगितला तो असा: जुन्या बँकेची उरलेली रक्कम भरून टाका, नाहीतर एक नवं कार्ड घ्या आणि दोन वर्षं न चुकता वेळेवर भरा, थोडं तरी सुधारेल. जुनी रक्कम व्याजासकट विचारली तेव्हा आकडा ऐकून मी फोन ठेवून दिला.

राहिलं कार्ड. रोज कुणीतरी गोड आवाजात फोन करतं, सर तुम्हाला कार्ड मंजूर आहे. मी हो म्हटलं की दोन दिवसांत नकार. असे चार ठिकाणी अर्ज केले. मग कळलं की प्रत्येक अर्जाने रेकॉर्ड आणखी खालीच जातं. वाट लागणं म्हणतात ते हेच. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "एफडी असेल तर तिच्यावर कार्ड मिळेल. पण एफडी तुमच्या नावावर हवी, आणि कार्ड चालू आहे तोवर ती मोडता येणार नाही."

घरात एफडी एकच होती, आईची. वडिलांच्या गिरणीतल्या नोकरीचे जे काही पैसे हातात आले, त्यातले तिने स्वतःच्या मरणासाठी बाजूला ठेवले होते. लाकडं, भटजी, तेराव्याचं जेवण, गावाहून येतील त्यांचं जाण्यायेण्याचं भाडं. "माका कोणाच्या उपकारान जळूचा नाय," असं ती आम्हाला वर्षानुवर्षं सांगत आलेली. बाकी कशालाही तिने ते पैसे लावू दिले नव्हते. कारखाना बंद पडला तेव्हाही मी ते मागितले नव्हते.

तीन आठवडे मी आईसमोर तो विषय काढलाच नाही. मग एका रविवारी ती सुकट निवडत बसली होती, तेव्हा तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. पेढ्यांचं खरं काय होतं तेही. मला वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चेडवाच्या शिक्षणाक ना? मग खय सही करूची ती सांग."

बँकेत तिने स्वतःच्या हाताने सही केली, एकेक अक्षर सावकाश. एफडी मोडली आणि माझ्या नावावर नवी झाली. आठवड्याभरात माझ्या फोनवर मेसेज आला: अभिनंदन, तुमचं कार्ड मंजूर झालं आहे. मी तो दोनदा वाचला आणि फोन उलटा ठेवला. बँकेने विश्वास माझ्यावर ठेवलाच नव्हता, तो आईच्या सरणावर ठेवला होता. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, वसुलीवाल्यांपुढेही नाही.

तिने विचारलं, पैसे किती दिवस अडकले? मी म्हटलं, दोन वर्षं तरी. "म्हणजे दोन वरसां माका मराक जमाचा नाय," ती म्हणाली आणि हसली. बायको उठून आत गेली.

तेव्हापासून मी दर महिन्याला मोजून दोन पिशव्या किराणा कार्डावर घेतो आणि तारखेच्या चार दिवस आधी बिल भरतो. मुलगी म्हणते, बाबा किती शिस्तीचे झाले. पण रात्री आई खोकली की माझ्या मनात आधी एफडी येते, मग आई. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आईला ताप भरला. रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेत होतो. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटून होती, अंग तापलेलं. मध्येच तिने हळूच विचारलं, "किती रवले रे?"

"चौदा महिने," मी म्हणालो. कसले, ते मला विचारावंही लागलं नाही.