परत आलेली डहाळी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सकाळीच मारबत घालवतात. दाराशी ठेवलेली पळसाची डहाळी उचलायची, घरातलं दुखणंखुपणं घेऊन जा गे मारबत, असं ओरडत गावाबाहेर न्यायची, टाकायची आणि मागं न पाहता घरी यायचं. टाकलेल्या डहाळीला मग कोणी हात लावत नाई. आधी शिवेवर टाकत. धानाला पाणी द्यायला नहर आली, तेव्हापासून नहरात टाकतात. पाणी दूर नेते, एवढाच आमचा हिशेब.

त्या साली माझी सून पोटुशी होती. आधी दोनदा पोट पडलेलं, म्हणून तिनं आपली डहाळी वेगळी केली, तिला जुन्या पातळाची हिरवी चिंधी बांधली. बाकी सगळ्यांनी पुलावरून फेकल्या. पुलाला कठडे नाईत, म्हणून ती काठानं उतरली, धुण्याच्या दगडाच्या बरीच खाली गेली आणि डहाळी हळूच पाण्यात सोडली.

दुपारी आम्ही दोघी धुणं घेऊन गेलो. दगड पुलाला लागूनच आहे. मधोमध पाणी खाली धावत होतं, आणि काठाकाठानं, पाण्याच्या उलट, ती हिरवी चिंधी वर येत होती. घाई नाई, काई नाई. वाट ठाऊक असलेलं माणूस घरी येते तशी. दगडाशी आली आणि तिथंच डोलत राह्यली.

मी बांबूनं लोटली. थोडी खाली गेली, थबकली, काही विसरल्यासारखी वळली आणि पुन्हा वर. अशी तीनदा. माझ्या हातातला बांबू गार पडला, बापा.

सुनेनं धुणं तसंच टाकलं. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली. रात्री ताट तसंच, सकाळी पेज तशीच. गडचिरोलीच्या डाक्टरीणबाईनं बजावलं होतं की हिनं जेवलंच पाहिजे. हिचं एकच, जे जायचं ते गेलं नाई, आता हेबी राहत नाई.

माझा भाचा ऊर्जानगरला पाण्याच्या पाइपांच्या कामावर आहे, सणाला आला होता. त्यानं नहर पाहिली आणि हसला. म्हणे, मावशी, पुलाखाली नहर चिंचोळी, पुढं एकदम रुंद. जोरात आलेलं पाणी तसंच सरळ धावते, एवढ्या लवकर काठाकडे पसरत नाई. काठापासून सुटते. मग तिथली जागा भरायला खालचं पाणी काठानं वर फिरते. हळूहळू रुंद केली असती तर असं झालं नसतं. त्यानं गवताच्या काड्या टाकून दाखवलं. काठाच्या काड्या वर आल्या, मधल्या गेल्या.

मी धावतच घरी येऊन सुनेला सांगितलं. तिनं सगळं ऐकलं.

"पाण्याचं समजलं, आत्या. पण सगळ्याईच्या गेल्या, माहीच काऊन आली?"

मी खाली बसले तिच्याजवळ.

"तू काठावर उभी होतीस म्हणून, पोरी. पोट सांभाळून उभी होतीस. बाकीचे पुलावर होते."

 ती उठली, चपला घातल्या.

दगडाशी डहाळी होतीच. हात लावायचा नसतो, तरी मी लावला. बुळबुळीत झाली होती, आणि उचलताना खालून कोणी धरल्यासारखी जड. पुलावर तिचा हात घट्ट धरून मी मधल्या धारेत फेकली. चिंधी एकदा वर आली, मग सरळ गेली, वळणापर्यंत. मागं पाहायचं नसते, पण सून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राह्यली.

"भूक लागली," ती म्हणाली.

नात आता अंगणात पळते. धुणं मी त्याच दगडावर धुते. सगळं समजलंय मले. तरी पाण्यात पाय सोडला की पाणी खालच्या अंगानं येऊन घोट्याले लागते, आणि मी पाय वर घेते.