गोळी घेतलीस का?

अश्विनीचा फोन सकाळी सहाला आला. "काकी, आई गेली." तिची आई म्हणजे सुमन, माझी धाकटी जाऊ. मी विचारलं, "तू गोळी घेतलीस का?" मग म्हणाली, "घेते." ऐकणाऱ्याला मी दगडाची वाटेन. पण त्या घरात तीस वर्षं दिवस याच प्रश्नाने सुरू व्हायचा आणि विचारणारी आता नव्हती...

अश्विनी पनवेलच्या दवाखान्यात जन्मली तेव्हा नर्स म्हणाली, मुलगा. दिराने गावभर पेढे वाटले. दहाव्या दिवशी पोर ओकून ओकून सुकलं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, ही मुलगी आहे, आत गर्भाशय आहे. मूत्रपिंडावरची ग्रंथी जन्मापासून बिघडलेली, म्हणून बाहेरून मुलासारखं दिसतंय आणि म्हणूनच अंगातलं मीठ वाहून जातंय. औषध जन्मभर, चुकलं तर जीव जाईल. आमच्या सासऱ्यांचा जन्म मिठागरात गेला आणि त्यांच्या नातीच्या अंगात मीठ टिकेना. मला तिथेच हसू आलं. हसायची वेळ नव्हती.

घरचे म्हणाले, गावात काही बोलू नका. सुमनने पाच किलो बर्फी आणवली आणि पोरीला कडेवर घेऊन ज्या घरी पेढे गेले होते त्या प्रत्येक घरी गेली. "मुलगी हाय. नर्सची चूक झाली. घ्या, तोंड गोड करा." एका बाईने विचारलं, "दुपटं वर करून दाखव की." सुमन म्हणाली, "आधी तुझ्या पोराचं दाखव." पुन्हा कोणी विचारलं नाही.

मात्र पोरीला आंघोळ घालायला तिने कुणालाच दिलं नाही, मलासुद्धा. मोरीला आतून कडी घालायची. दुधात घालायचं मीठ डॉक्टरांनी दिलेल्या चमच्याने मोजायची. चमचा बरणीच्या गळ्याला दोऱ्याने बांधलेला असायचा.

पोर दीड वर्षाची झाली तेव्हा बाहेरचं अंग मुलीसारखं करायच्या ऑपरेशनचं निघालं. डॉक्टर म्हणाले, आता करता येईल, थांबलात तरी चालेल. सुमनला थांबायचं होतं. मी तिच्या मागे लागले. रोज. "आत्ताच उरकून टाक. मोठी झाल्यावर सगळ्यांना कळेल. सासरी कोण नेईल?" शेवटी ती कंटाळून हो म्हणाली. जखम भरली, दिसायला सगळं ठीक झालं. मी म्हटलं, बघ, सुटलीस.

सुटली नव्हती. अश्विनी बारा वर्षांची असताना डॉक्टर म्हणाले, आतली वाट आखडली आहे, पाळीला अडचण नाही, पण लग्नाआधी पुन्हा ऑपरेशन लागेल. मी लगेच तारीख विचारली. या वेळी सुमन ऐकेना. "जाऊबाय, तवा तिला बोलता येत नव्हतं. आता येतं. ती सांगंल तवा."

अठराव्या वर्षी तिने अश्विनीला सगळे कागद दिले, एकही न लपवता. पोर वर्षभर आईशी धड बोलली नाही. पुढे नोकरीला लागल्यावर स्वतः डॉक्टर शोधून तिने दुसरं ऑपरेशन करून घेतलं. ते चांगलं झालं. पण पहिल्या वेळी कापताना तिथली जी जाणीव गेली, ती परत आली नाही. हे तिने माझ्यासमोर आईला सुनावलं. "कोणी सांगितलं होतं तुला एवढी घाई करायला?" सुमन भांडी घासत होती. म्हणाली, "माझंच डोकं." माझ्याकडे पाहिलंही नाही. मीही गप्प बसले...

बाराव्याला पाहुणे गेल्यावर मी अश्विनीला सांगितलं, घाई माझी होती. ती फळीवरच्या त्या बरणीकडे बघत राहिली. मोजून मीठ घ्यायचं कधीच बंद झालं, चमचा अजून बांधलेलाच आहे. "आता सांगताय?" म्हणाली आणि आत गेली.

तेव्हापासून मी रोज सकाळी आठला फोन करते. गोळी घेतलीस का? "घेतली," म्हणते आणि ठेवते. गेल्या आठवड्यात मी म्हटलं, तुझ्या आईवर लिहितेय. तिने फोन ठेवला नाही. म्हणाली, "नावं बदला. बाकी सगळं लिहा. तुमचंपण."

नावं बदलली आहेत.