माणिकला मी माफ केलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. मग तुम्हालाच का, असं मनात येईल तुमच्या. माझ्याही आलं असतं. कुणी फुकट काही देऊ लागलं की माझा हात आधी खिशावर जातो.

चाकणच्या बाजारात मी कांद्याचा अडत्या. आधी पाठीवर गोण्या वाहिल्या, मग गाळा घेतला. कुणी हात दिला नाही. म्हणून असेल — कुणी बोट दाखवलं की तिडीक जाते डोक्यात. माणिकनं दाखवलं होतं. माझ्याच गाळ्यावरचा हमाल, लातूरकडचा. भर लिलावात, शेतकऱ्यांसमोर म्हणाला, "शेठ, काटा एकदा तपासून घ्या की." लोक हसले. ते हसू मी विसरलो नाही. आणि काटा? — मारत होता जरा.

पुढं गावातली पोरं आणि बाहेरून आलेले हमाल यांच्यात साध्या धक्क्यावरून जुंपली. दगड आले, कंपनीच्या बसच्या काचा गेल्या, बाजार बंद पडला. त्याच दुपारी माझा गाळा पेटला. माणिक गाळ्याजवळ धावताना दिसला आणि मी ओरडलो — यानंच लावली! गावाला तेवढं पुरलं. हमालांच्या खोल्यांवर पुन्हा दगड गेले.

दुसऱ्या दिवशी राख उपसताना वितळलेला बोर्ड सापडला. पंख्यासाठी मीच ओढलेली उघडी वायर. आग तिथून निघाली होती. बोर्ड मी भंगारात टाकला — आधी आजूबाजूला बघून.

आमच्या भागात एक छोटं रेडिओ केंद्र आहे. त्या दिवसांत ते रोज दोन्हीकडच्या माणसांना बोलवायचं, अफवा खोडायचं, कुठली दुकानं उघडली ते सांगायचं. टपरीवर, बसमध्ये, हमालांच्या खोल्यांत — सगळे ऐकायचे. तिथली मुलगी माझ्याकडे आली. "काका, नुकसान तुमचं झालंय. तुम्ही शांत राहा म्हणालात तर लोक ऐकतील." हिला यात काय सुटतंय? कुणी पाठवलं हिला — हमालांनी, की शेजारच्या अडत्यानं? तिची अट एकच : नाव कुणाचंच घ्यायचं नाही. मी हो म्हणालो.

आणि थेट प्रक्षेपणात नाव घेतलं. "माणिकला मी माफ केलं." आवाज जड करून. काचेपलीकडं ती मुलगी थांबा म्हणून हात हलवत राहिली.

तिथं आरोप केला असता, तर कुणीतरी पुरावा मागितला असता. माफीला पुरावा कोण मागतो?

बाजार उघडला. ज्यांनी दगड मारले त्याच पोरांनी हमालांना चहा पाजला. ती शांतता खोटी नव्हती. मग माणिक आला. "शेठ, माफी कशाची?" एवढंच विचारलं त्यानं. भोवतीचे त्याच्यावरच तुटून पडले — "अरे पाया पड राव त्यांच्या! एवढं जळूनही मोठं मन दाखवलंय." तो माझ्याकडं बघत होता. लिलावात एकदा तोंडातून गेलेली बोली आम्ही मागं घेत नाही. तोच नियम मी तिथं लावला — सोयीचा होता. 

तो बायको-पोरांना घेऊन देहूरोडला गेला. तिथं तरी सुटला असेल का? रेडिओ तिथंही लागतो.

अजूनही कुठं तणाव झाला की केंद्र माझं ते बोलणं लावतं. नाव कापून. पण ऐकणारे ते मनात भरून घेतात. परवा टपरीवर लागलं, तेव्हा शेजारचा ड्रायव्हर म्हणाला, "मन असं पाहिजे, भाऊ." हा खरंच बोलतोय, की ओळखून टोमणा मारतोय? चहा संपेपर्यंत मी त्याचा चेहरा तपासत होतो.

आणखी एक राहिलं. माणिक त्या दुपारी गाळ्यापासून पळत नव्हता — गाळ्याकडं येत होता. हातात पाण्याची बादली होती. ओरडलो त्याच्या आधी मी ती पाहिली होती.